‘सात नंबर’ आणि ‘दहा नंबरचं यकृत’ : परिचारिकेच्या स्वभावाचा इतिहास

या व्याख्यानमालेत आम्ही बोलतो ते बहुधा कल्पनांच्या इतिहासावर. आजही एका कल्पनेचाच इतिहास आहे. परिचारिका थकते, चिडते, कोरडी होते, नोकरी सोडून जाते, तेव्हा त्याचं मूळ तिच्या स्वभावात शोधायचं, अशी ही कल्पना. ती आली कुठून, तिला धक्का कुणी दिला आणि ती पुन्हा मागच्या दाराने कशी आत आली, हे पाहायचं आहे.

विषय निवडण्याला घरगुती कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. आमची थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, एका सरकारी रुग्णालयात तीसेक वर्षं परिचारिका होती. आम्ही एम. ए. होऊन नुकतेच कॉलेजात शिकवायला लागलो होतो, त्या वेळची गोष्ट. ताई रात्रपाळी करून सकाळी घरी आली, चहाचा कप हातात घेतला आणि आईला म्हणाली, “सात नंबर गेला पहाटे. चार नंबरचंही काही खरं नाही.” आमच्या डोक्यात तेव्हा कान्ट नवानवा शिरलेला. माणसाला साधन मानू नये, साध्य मानावं वगैरे. आम्ही लगेच तिला सुनावलं, “ताई, माणसाला नाव असतं गं.” तिने कप खाली ठेवला, आमच्याकडे नुसतं पाहिलं आणि झोपायला निघून गेली. मग घरात चर्चा. ताई बदलली. आधी किती मायाळू होती, आता स्वभावच बिघडला. त्या चर्चेत आम्ही हिरिरीने भाग घेतला होता, हेही कबूल करायला हवं.

आता मुळाकडे जाऊ.

परिचारिकेचे गुण मोजण्याची हौस फार जुनी. आपल्या चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यात परिचारकाचे चार गुण दिलेत. उपचाराचं ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शुचिता. चारांतला एक गुण ज्ञानाचा, बाकी तीन स्वभावाचे आणि सवयीचे. यातला ‘अनुराग’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधुनिक काळात ही यादी छापील तक्त्यात बसवली ती इंग्लंडात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात अडतीस जणींना घेऊन स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हातातला दिवाही ठाऊक असतो. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली आणि तिथे प्रत्येक उमेदवार मुलीचा तक्ता ठेवला जाऊ लागला, ही गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. त्या तक्त्याचे दोन भाग होते. एका भागात कामाचं कौशल्य: मलमपट्टी, जळवा लावणं, असहाय रुग्णाला हलवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, आजाऱ्याचं जेवण शिजवणं. दुसरा भाग नैतिक नोंदीचा: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा, वॉर्डाची व्यवस्था. मेट्रन त्यात शेरे भरायची.

याला हसू नये. त्या काळी इस्पितळात काम करणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डिकन्सच्या कादंबरीतली दारूबाज सेअरी गँप उभी राहायची. चांगल्या घरातल्या मुलीने या कामात यावं, तर आधी कामाची अब्रू वाढवायला हवी होती, आणि अब्रू चारित्र्यानेच वाढणार होती. आपल्याकडेही तेच झालं. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं आणि तिथून मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला जाऊ लागल्या. त्या काळात विधवा किंवा परित्यक्ता मुलीने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, म्हणजे ‘सेवा’ या शब्दाचं संरक्षण लागणारच. तो शब्द आजही आपल्या सरकारी हुद्द्यांत आहे. वॉर्डाची प्रमुख ती परिसेविका, मेट्रन ती अधिसेविका.

पण अब्रूची ही किंमत कुणीतरी चुकवायचीच असते. पात्रता जर चारित्र्याने ठरत असेल, तर अपयशही चारित्र्याचंच ठरतं. मुलगी दमली तर ती सोशिक नाही. रडली तर हळवी. उलट बोलली तर उर्मट. खाटा किती होत्या आणि हात किती होते, हा रकाना त्या तक्त्यात नव्हताच.

खुद्द नाइटिंगेलबाईही यातून सुटल्या नाहीत. १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना मोठा ताप आला, १८५७ मध्ये त्या कोसळल्या, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी बहुतेक काम अंथरुणातून केलं. हिंदुस्थानातल्या आरोग्यव्यवस्थेवर त्यांनी जे रकानेच्या रकाने लिहिले, तेही इथे एकदाही पाऊल न ठेवता, बरंचसं आजारपणातच. हा आजार कसला? १९७४ मध्ये जॉर्ज पिकरिंग या नामवंत डॉक्टरांनी पुस्तकात मांडलं की तो मानसिक होता आणि कामासाठी एकांत मिळवायला उपयोगी पडला. पुढे १९९५ मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिलं की लक्षणं ब्रुसेलोसिस या जंतुजन्य रोगाच्या जुनाट रूपाशी जुळतात. आम्ही निदान करणारे कोण? पण गंमत पाहा. परिचारिकांच्या आद्य दैवताच्या दुखण्याचं कारणसुद्धा आधी स्वभावात शोधलं गेलं, जंतू नंतर आठवला.

आता मुख्य गोष्ट. पन्नासच्या दशकातलं लंडन. सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली होती, खाटा भरलेल्या, आणि परिचारिका टिकत नव्हत्या. लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाने टॅव्हिस्टॉक संस्थेकडे मदत मागितली. अडचण वरकरणी कारकुनी होती. शिकाऊ मुलींना कुठल्या वॉर्डात किती काळ ठेवायचं याचं वेळापत्रक जमत नव्हतं. शिक्षणाच्या गरजेप्रमाणे ठेवावं तर वॉर्ड ओस, वॉर्डाच्या गरजेप्रमाणे ठेवावं तर शिक्षण कच्चं. हे काम इझाबेल मेन्झीज या स्कॉटिश बाईंकडे आलं. शिक्षण अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राचं, पुढे मनोविश्लेषक झालेल्या. त्यांचा अहवाल १९६० मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात छापून आला.

रुग्णालयात नर्सिंगची माणसं सुमारे सातशे. त्यांत पूर्ण शिकलेल्या दीडशेच, बाकी सगळ्या विद्यार्थिनी. म्हणजे रुग्णालय चालत होतं ते शिकाऊ मुलींच्या खांद्यावर. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश शिक्षण पुरं न करताच जात. नापास होऊन जाणाऱ्या थोड्या, बहुतेक आपणहून निघून जाणाऱ्या. उरलेल्यांत दोन-चार दिवसांच्या बारीकसारीक आजारपणाच्या रजा फार. वरिष्ठ बायकाही नोकऱ्या भराभर बदलत.

दुसऱ्या कुणी असत्या तर मुलींच्या हाती प्रश्नावली दिली असती, कोणत्या स्वभावाची मुलगी टिकते ते पाहायला. मेन्झीजबाईंनी वॉर्डाकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं असं: या कामात भीती आहेच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने परक्या माणसाचा देह पुसायचा, मलमूत्र काढायचं, मरणाऱ्याजवळ उभं राहायचं. त्यातून दया येते, किळस येते, अपराधी वाटतं, रुग्णाचा रागही येतो. ही भीती पेलायला मुलीला कुणीतरी शिकवायला हवं. रुग्णालयाने ते केलं नाही. त्याने कामाची रचनाच अशी केली की भीतीशी गाठच पडू नये.

कशी? प्रत्येकीला माणसं न देता कामांची यादी द्यायची. एकीने तीस जणांचा ताप पाहायचा, दुसरीने तीस जणांची भांडी द्यायची. म्हणजे एका माणसाशी फार वेळ संबंध नको. रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. खाटेचा नंबर आणि दुखणारा अवयव. ‘दहा नंबरचं यकृत’, ‘पंधरा नंबरचा न्यूमोनिया’ अशी भाषा मेन्झीजबाईंनी तिथे ऐकली. मुलींनाही तसंच वागवायचं. गणवेश एक, हुद्दा एक, म्हणजे एक गेली की तिच्या जागी दुसरी उभी. या वॉर्डातून त्या वॉर्डात वारंवार बदली, म्हणजे जीव जडू नये. चांगली परिचारिका हलवल्याचं वाईट वाटून घेत नाही, हा तिथला अलिखित नियम. प्रत्येक काम ठरल्या रीतीनेच, मग झोपलेल्या रुग्णाला भल्या पहाटे उठवून त्याचं तोंड धुवावं लागलं तरी हरकत नाही. प्रत्येक निर्णय दोनदा-तीनदा तपासायचा आणि जमेल तितका वर ढकलायचा. त्यामुळे खालच्या मुली वरच्यांच्या लेखी बेजबाबदार, आणि वरच्या खालच्यांच्या लेखी खाष्ट. दोन्हीकडच्या बायका घरी गेल्यावर चांगल्याच असणार, पण वॉर्डात शिरल्या की त्यांच्या अंगी ही सोंगं चढत.

इथे आम्हाला आमचा ‘सात नंबर’ आठवला. मेन्झीजबाईंचा अहवाल आम्ही वाचला तो पन्नाशीत, भलत्याच कामासाठी ग्रंथालयात बसलो असताना. त्या दिवशी ते काम राहूनच गेलं. ज्याला आम्ही ताईच्या काळजाचा कोरडेपणा समजलो, ती वॉर्डाची भाषा होती. ती तिने बनवली नव्हती. तिला ती नेमणूकपत्राबरोबर मिळाली होती.

अहवालातली सगळ्यात बोचरी गोष्ट पुढे आहे. अशी रचना भीती दूर ठेवते, पण आनंदही दूर ठेवते. तीस जणांचा ताप पाहणाऱ्या मुलीला त्यांतला कोण आपल्यामुळे बरा झाला, हे कधी कळतच नाही. आणि मग सोडून कोण जातं? मेन्झीजबाईंच्या मते सोडून जाणाऱ्यांत ज्या मनाने प्रौढ होत्या, ज्या हे काम खरंच वाढून, समजून करू शकल्या असत्या, अशाही बऱ्याच होत्या. म्हणजे व्यवस्था सुधारू शकणारी माणसंच व्यवस्था बाहेर घालवत होती. निवडीचा तक्ता कितीही बारकाईने भरा. मागच्या दाराने नेमकं तेच निघून जात होतं जे पुढच्या दाराने शोधून आणलं होतं.

मेन्झीजबाईंचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. त्यांची भाषा जडजंबाळ आहे. बालपणीच्या आदिम कल्पना वगैरे मधे आणल्या नसत्या तरी चाललं असतं. पगाराबद्दल आणि माणसांच्या संख्येबद्दल त्या फार कमी बोलतात. कुणाला वाटेल, मुलींची भीती गेली की तीस खाटांना एक बाई पुरेल! पण पुढे सत्तरच्या दशकात स्टॅनमोरच्या अस्थिरुग्णालयात लहान मुलांच्या विभागात काम करताना त्यांनी ठरावीक मुलं ठरावीक परिचारिकेकडे सोपवण्याची पद्धत आणायला मदत केली. ब्रिटनमध्ये याच सुमाराला कामांच्या यादीऐवजी माणसं सोपवण्याकडे नर्सिंग हळूहळू वळू लागलं होतं.

तेवढ्यात अमेरिकेतून नवा शब्द आला. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर, लहानपणी नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू, न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ. दिवसा स्वतःचा व्यवसाय आणि रात्री गरीब, नशेत अडकलेल्या पोरांसाठीच्या फुकट दवाखान्यात काम. तिथले स्वयंसेवक काही महिन्यांत रिकामे होऊन जाताना त्यांनी पाहिले, स्वतःही झाले. नशेने पोखरलेल्या पोरांसाठी रस्त्यावर वापरला जाणारा ‘बर्नआउट’ हा शब्द त्यांनी १९७४ मध्ये या स्थितीला दिला. मराठीत याला ‘जळून जाणं’ म्हणतात. आम्हाला ‘करपणं’ अधिक बरोबर वाटतं. जळण्यात ज्वाळा दिसते, करपण्याचा आधी नुसता वास येतो. कुणाला होतं हे? फ्रॉइडनबर्गरांचं उत्तर: जे झोकून देतात त्यांना. चरकाचा ‘अनुराग’ आठवतो ना? निवड ज्या गुणावर व्हायची, नेमका तोच गुण आधी करपतो.

मग कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मॅस्लॅक. १९८१ मध्ये त्यांनी आणि सुसान जॅक्सन यांनी करपणं मोजण्याची बावीस विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीन गोष्टी मोजायच्या: भावनिक थकवा, आपण काही साध्य केलं ही भावना ओसरणं, आणि तिसरी, समोरच्या माणसाला माणूस न मानणं. या तिसऱ्या गोष्टीला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच शब्द मेन्झीजबाईंनी वीस वर्षं आधी वापरला होता. तिथे ती रुग्णालयाची रीत होती. इथे तेच एका बाईचं लक्षण झालं, तिच्या नावापुढे गुण मांडून. शब्द एकच, पण खापर एका डोक्यावरून उचललं आणि दुसऱ्यावर फोडलं. यात मॅस्लॅकबाईंचा दोष नाही, त्या स्वतः सतत सांगत आल्या की दोष कामाच्या जागेत शोधा. पण मोजपट्टी एकदा बाजारात आली की ती कशी वापरायची हे करणाऱ्याच्या हातात राहत नाही. परिचारिकेच्या हातात प्रश्नावली देणं स्वस्त असतं, वॉर्डात आणखी चार जणी नेमणं महाग.

त्यानंतर व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासांना पूर आला. १९७९ मध्ये सुझान कोबासा यांनी ‘कणखरपणा’ मांडला: कामात गुंतणं, आपल्या हातात काहीतरी आहे असं मानणं, बदलाकडे आव्हान म्हणून पाहणं. त्यांनी अभ्यासले होते एका टेलिफोन कंपनीतले अधिकारी; ते माप पुढे परिचारिकांना लावलं गेलं. मग पंचगुणांची व्यक्तिमत्त्व-चाचणी आली, आणि अभ्यासामागून अभ्यासात दिसलं की ज्यांचा स्वभाव चिंतेकडे झुकतो त्यांचा भावनिक थकवा अधिक. अलीकडे ‘माइंडसेट’ची भर पडली.

हे सगळं खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. ताईबरोबर तिच्याच वॉर्डात, त्याच पाळ्या करणारी तिची मैत्रीण निवृत्त होईपर्यंत हसतमुख राहिली. स्वभाव असतोच. पण तो कशाचं उत्तर देतो? आंब्याच्या पेटीत आधी कुठला आंबा उतरेल हे त्या आंब्यावर अवलंबून असतं. अर्धी पेटी उतरेल की नाही, हे पेटी कशी भरली आणि कुठे ठेवली यावर. शिवाय एक तर्कदोषही आहे. एकाच थकल्या बाईला एकाच बैठकीत विचारायचं, ‘तुम्हाला काळजी वाटते का?’ आणि ‘तुम्ही गळून गेल्यासारख्या होता का?’ दोन्ही उत्तरं जुळली की म्हणायचं, पहिल्यामुळे दुसरं. न्यायशास्त्रातला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही इथे हात वर करील. काळजीने थकवा आला, की दहा वर्षांच्या थकव्याने काळजीचा स्वभाव जडला?

पेटीचा अभ्यासही झाला आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्वेनियातली १६८ रुग्णालयं आणि १०,१८४ परिचारिका अभ्यासल्या. निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की करपण्याचे, संख्याशास्त्रज्ञ ज्याला ऑड्स म्हणतात ते प्रमाण, २३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे तीस दिवसांत दगावण्याचे ऑड्स सात टक्क्यांनी. स्वभाव कुठलाही असो, एक खाट वाढली की हे. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून परिचारिकेमागे किती रुग्ण याला कमाल मर्यादाच घातली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद करताना तो रोग नसून कामाच्या जागेशी निगडित स्थिती आहे, असं स्पष्ट म्हटलं. पुढल्याच वर्षी आपण थाळ्या वाजवल्या. परिचारिकांना योद्धा म्हणालो. म्हणजे पुन्हा चारित्र्यच.

गेल्या दिवाळीत आम्ही ताईला हा अहवाल मराठीत वाचून दाखवला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. ‘दहा नंबरचं यकृत’ आलं तेव्हा ती हसली. मग आम्ही त्या सकाळचा विषय काढला आणि माफी मागितली. पन्नास वर्षं उशीर झाला, पण मागितली. तिला आमचं ते वाक्य आठवतच नव्हतं. “तू काय, नेहमीच काहीबाही बोलायचास,” म्हणाली. सात नंबर मात्र आठवत होता. त्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, गिरणीत कुठल्या खात्यात होता ते सांगितलं, बायको जवळ नव्हती आणि शेवटी पाणी तिनेच पाजलं, तेही सांगितलं. “वॉर्डात किती खाटा होत्या गं तेव्हा?” आम्ही विचारलं.

“खाटा चाळीस,” ती म्हणाली. “जमिनीवरचे कधी कुणी मोजलेच नाहीत. आणि रात्री मी एकटी.”

असो. वेळ झालाय. परिचारिका मंडळींपैकी कुणाला काही विचारायचं, किंवा आम्हाला सुधारायचं असेल, तर आधी त्यांना बोलू द्या.